उत्तर आधी, मोजणी नंतर

मी साताऱ्याजवळ अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवायचो. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचं उत्तर ९८० च्या आसपास यावं लागतं. आमचं स्टॉपवॉच अडकायचं, त्यामुळे ते कधी यायचं नाही. मग परीक्षेआधी मीच मुलांना सांगायचो, "आधी उत्तर लिहा, मग उलटं गणित करून निरीक्षणं भरा." सगळ्यांना पूर्ण गुण मिळायचे.

गेल्या महिन्यात कुपवाडला जावयाच्या कारखान्यात गेलो. तिथे बॉयलरची नोंदवही ठेवणारा माझा जुना विद्यार्थी निघाला. तो पाया पडला. मी सहज वही चाळली. सकाळचे अकरा वाजले होते आणि दाबाचे आकडे संध्याकाळी सहापर्यंत भरलेले होते.

"अरे, हे काय?"

"आवं सर, उत्तर म्हाईत असल्यावर मोजायचं कशाला? तुमीच शिकवलंय की!"

जावई हसला. "मामा, दाबाचा काटा तर लय दिवस जागचा हललाच न्हाई. एकदम शिस्तीचा हाय!"

जावई बॉयलरपासून पाच पावलांवर उभा होता. "मी चुकीचं शिकवलं," मी ओरडलो, "आधी बॉयलर बंद करा!"

विद्यार्थ्यानं धावत जाऊन बॉयलर बंद केला. दुपारी नवा काटा बसेपर्यंत मी फाटकाजवळून हललो नाही. जुना खरंच गंजून अडकला होता.

हा एक सापडला. बाकीचे माझे विद्यार्थी आज कुठल्या काट्यासमोर बसलेत, मला माहीत नाही.