बाजूच्या सीटचा स्विच

सेलूचा तो ऑटो इलेक्ट्रिशियन पिकअपच्या डॅशबोर्डला भोक पाडण्याआधी हमखास विचारतो, "बाजूले कोण बसते?" मग त्या माणसाचा हात पोहोचेल तिथेच पंख्याचा स्विच बसवतो.

या वेळी मी म्हणालो, "बाबा गेल्यापासून कोणीच नाई."

तरी त्याने स्विच डावीकडेच लावला. मग स्वतः बाजूला बसून दोनदा दाबून पाहिला. पंखा फिरू लागला, काम संपलं, पण तो उतरेना.

"पवनारपर्यंत येऊ काय, भाऊ?"

"तिथं काय काम काढलं, मिस्त्री?"

"काई नाई. हवा चांगली लागून राह्यली."

मी गाडी जरा हळूच चालवली. पवनारला त्याने पंखा बंद केला, उतरला आणि रस्ता ओलांडून सेलूच्या परतीच्या बसची वाट पाहत उभा राहिला.