शास्त्रीबुवांच्या सिंधूचं कॉलेज

संस्थानच्या राजधानीतल्या गोरखी भागात आमची शाळा; तिच्या मास्तरखोलीत खडूची धूळ आणि किस्से, दोन्ही झाडून संपत नाहीत. मी सांगितले की किस्से थोडे वाढतात, हेही कबूल. या प्रकरणात मात्र फारसं वाढवावं लागलं नाही.

आमचे संस्कृतचे शास्त्रीबुवा. त्यांची बायको मधुमेहानं गेली. मी सायन्सचा मास्तर; आजारपणात लघवीतली साखर तपासायला शाळेतलं निळं द्रावण नेऊन द्यायचो. त्यांची बारा वर्षांची मुलगी सिंधू त्यात लघवीचे थेंब घालून काचेच्या नळीत उकळायची आणि रंग पाहायची; साखर जितकी जास्त, तितका तो लालीकडे जायचा. शास्त्रीबुवा तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून स्तोत्र म्हणायचे. "बाबांनी एकदाही नळीकडे पाहिलं नाही," हे सिंधूच्या मनात राहिलं होतं.

इंटर झाल्यावर ती मला म्हणाली, "काका, मला बायोकेमिस्ट्री शिकायचीय. साखर माणसाचं नेमकं काय करते, ते बघायचंय."

तिला उज्जैनचं स्थळ सांगून आलं होतं, आणि कॉलेजच्या फॉर्मवर सही शास्त्रीबुवांचीच लागणार होती.

*

तो विषय बंगळूरला होता, पण आधी बी.एस्सी. हवी. ती कुठून? ड्रॉइंगचे घोरपडे मास्तर नकाशा घेऊन बसले. जिथं नातेवाईक नाही, ते कॉलेज त्यांच्या लेखी नव्हतंच. या हिशेबानं कलकत्ता, लाहोर पहिल्याच दिवशी बाद झाले. काशीला त्यांची मावशी होती. तिचं उत्तर उलटटपाली आलं: "मुलीला जरूर पाठवा. आमची स्वयंपाकीण पळाली आहे."

घोरपड्यांनी काशीवर काट मारली. "तो फिर अलाहाबाद ही सही," म्हणाले. तिथं त्यांचं कुणीच नव्हतं.

*

स्कॉलरशिपसाठी दरबारात अर्ज करायचा होता. हेडमास्तर जुन्या वळणाचे. दरबारच्या पदव्यांनाच दीड पान गेलं, उरलेल्या अर्ध्यात आशीर्वाद आणि सही. विषय लिहायचा राहूनच गेला.

महिन्याभरानं शिक्का मारलेला कागद आला: "विनंती मान्य."

कसली विनंती, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हेडमास्तर खुलासा मागवायला निघाले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. "साहेब, दरबारला पुन्हा विचारू नये. उत्तर बदलतं."

*

मग अलाहाबादच्या एका कॉलेजचं पत्र आलं. सायन्सच्या वर्गात आजवर मुलगी बसलेली नाही. पहिला महिना पालक स्वतः वर्गात हजर राहणार असतील, तर विचार करू.

मी ते मास्तरखोलीत वाचून दाखवलं. शास्त्रीबुवांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं, तासाला गेले, पूर्ण तास रघुवंश शिकवला आणि परत येऊन मला विचारलं, "तिथल्या बाकांना पाठ असते का हो? माझी कंबर धरते."

संध्याकाळी त्यांनी सही केली. उज्जैनला नकार कळवला.

*

पुढचं सिंधूनं दिवाळीत येऊन सांगितलं.

शास्त्रीबुवा शेवटच्या बाकावर, पगडी घालून, खिडकीकडे तोंड करून बसायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं; 'शुगर' एवढा शब्द मात्र बायकोच्या आजारपणात कानावर पडला होता. एके दिवशी प्रोफेसरांनी निळ्या द्रावणाची नळी वर धरली. यात शुगर असेल आणि तापवलं, तर काय दिसेल?

मुलं वह्या चाळू लागली. सिंधूला येत होतं; ती हात वर करू लागली.

मागून मराठीत आवाज आला.

"आधी हिरवा. मग पिवळा. मग नारिंगी."

सगळा वर्ग वळला. शास्त्रीबुवा नळीकडे बघत होते.

"शेवटी शेवटी," ते म्हणाले, "रोज विटकरी."