गाजरगवताचा देखावा

जळगाव जामोदच्या आठवडी बाजारात मी काळ्या कापडाचा तंबू ठोकला होता. आत चारही बाजूंच्या पडद्यांवर प्रोजेक्टरनं गाजरगवत उगवायचं. माणूस मध्ये उभा राहिला की ते वाढत वाढत त्याच्या डोक्यावर जायचं आणि वरून पांढरी फुलं गळायची. शेवटी मोठाले हात येऊन ते मुळासकट उपटायचे. दोन वर्षं मी यापायी डोळे फोडले, ते आईसाठी. जन्मभर लोकांच्या वावरात निंदण करून या गवतानं तिचे हात कोपरापर्यंत सोलवटले होते. बीटी बियाणं आल्यापासून गावाचा सगळा जीव कपाशीच्या बोंडात. बांधावर काय माजलंय, ते बघायला सवड कुणाला होती?

बाया आल्या, दारातच चपला काढल्या. अंधार, दिवे, संगीत, म्हणजे गणपतीसारखा देखावाच असणार, असं धरून त्यांनी गवताला हात जोडले. एकीनं तर भाड्यानं आणलेल्या पडद्याला कुंकू लावलं.

"मावशी, देव नाही हा! गाजरगवत आहे!"

"असन बाई. पन केवढं साजरं दाखवलं!"

दिवसभर हेच. माझं डोकं फिरलं. संध्याकाळी माईक घेऊन मी ओरडलेच, "हात काय जोडता? फुलावर आलंय ते, उपटा!" आमच्या गावच्या बाया घेऊन आलेली आई मागं उभी राहून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावी गेले, तर रस्त्याची कड साफ. उपटलेल्या गवताचे ढीग लागलेले. मी हरखले. म्हटलं, चला, पालथ्या घड्यावर पाणी नाही गेलं.

घरात आई भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात सुजून लाल, डोळे अर्धे मिटलेले. सकाळपासून दहा बाया घेऊन तीच सगळ्यांच्या पुढं होती.

"हातमोजे काऊन नाही घातले?" मी तिच्यावरच खेकसले. "पिशवी तरी गुंडाळायची हाताला!"

"तुह्या शिनिमात कुठी व्हते मोजे? तू दाखवलं तसंच उपटलं आम्ही."

पडद्यावरच्या त्या मोठाल्या हातांवर मी आधी हातमोजे रंगवले होते. ते बेढब दिसत होते. उघड्या बोटांत धरलेली मुळं जास्त सुंदर दिसत होती, म्हणून मीच ते पुसून टाकले.