तक्रारीच्या रकान्यात

डॉक्टरांनी लिहिलेले रिपोर्ट आमचा कॉम्प्युटर वाचतो आणि त्यातलं वय, तक्रार, निदान, औषध वेचून ज्याच्या त्याच्या रकान्यात टाकतो. ते नीट पडलंय का, हे मी दिवसभर बघत बसते. आज एका आजोबांच्या रिपोर्टात 'तक्रार' या रकान्याखाली त्यानं टाकलं होतं: खोकला, धाप, सोबत कोणी नाही.

आजोबांना घरी कसं सोडायचं या काळजीनं डॉक्टरांनी ते शेवटी लिहिलं असणार. शेजारच्या टेबलावरच्या सुनीताताई डोकावून म्हणाल्या, "काढ ते. तो काही आजार नाही."

दुसरा कुठला रकाना त्यासाठी सापडेना, म्हणून पुसून टाकलं. खोकला आणि धाप राहिली. त्यांना औषधं असतात. यंत्राला कळत काहीच नाही, तरी 'सोबत कोणी नाही' हे दुखणं खोकल्याशेजारी ठेवलं गेलं, ते त्याच्याच हातून. आम्हा माणसांच्या हातून नाही.

घसा दुखत होता म्हणून संध्याकाळी घराजवळच्या दवाखान्यात गेले. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी पेन उचलत विचारलं, "आणखी काही त्रास?"

मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलेली माझी पर्स उचलली.

"नाही," म्हटलं, "घसाच फक्त."