मगदूम आण्णांचं बिनचूक टायपिंग

मगदूम आण्णा दुसऱ्याचं टायपिंग डोळ्यांनी नव्हे, कानांनी तपासत. पाठमोरे बसूनच "ओळ चुकली बघ" म्हणत, आणि ती खरंच चुकलेली असे. लक्ष्मीपुरीतल्या आमच्या सहकारी संस्थेत ते हेड टायपिस्ट, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस संस्थेत कॉम्प्युटर आला आणि प्रोग्राम लिहायची सी भाषा नुकतीच शिकलेली मी तिथे रुजू झाले.

सभासदांची मतदारयादी आण्णांनीच कॉम्प्युटरवर टाइप केली. ती वाचून छापायचं काम माझ्या प्रोग्रामचं. कोडोली गावाचं पान झकास आलं. पुढे सगळा बट्ट्याबोळ! शिंद्यांचं आडनाव बावडा, गाव गणपती! मॅनेजरसाहेबांनी विचारलं तेव्हा मी शहाणी टायपिंगमध्ये चुका आहेत असं सांगून मोकळी झाले. दुपारी आण्णांच्या हातात खुलासा मागणारा मेमो पडला. त्यांनी डबाही उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. "तीस वर्षांत माझ्या टायपिंगला कुणी नाव ठेवलं न्हाय. दाव चूक."

मी शिंद्यांच्या आधीच्या ओळीवर बोट ठेवलं.

"कसबा बावडा," त्यांनी वाचलं. "गावच दोन शब्दांचं हाय की. मधी जागा सोडू नगो व्हय?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझा प्रोग्राम दिसेल त्या मोकळ्या जागेवर शब्द तोडत होता आणि माणशी चारच शब्द धरत होता: आडनाव, नाव, वडील, गाव. बावडा उरला, तो पुढच्या शिंद्यांच्या माथी आडनाव म्हणून बसला आणि त्यांचे वडील गणपती सरकून गावाच्या जागी गेले.

"रिकामी जागाबी मोजून मारलीया, बाळ," आण्णा म्हणाले. "हरेक ओळीत गाव एक्केचाळिसाव्या ठोक्यावर."

मी मोजत गेले. एकही ओळ चुकलेली नव्हती. लाज वाटली हो, अगदी मनापासून. मग अख्खी ओळ मोकळ्या जागांसकट एकदम वाचायची आणि चाळीस ठोक्यांनंतर गाव धरायचं, असा प्रोग्राम बदलला. प्रिंटर करकरत सुटला. शिंदे शिंद्यांच्या जागी आले, बावडा कसब्याला जाऊन मिळाला.

मी यादी आणि आण्णांना घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि तिथल्या सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी होती. साहेब ओशाळले, आण्णांकडून मेमो मागून घेऊन फाडायला लागले. आण्णांनी त्यांचा हात धरला.

"फाडू नका साहेब. खाली लिवा, टायपिंगमधी चूक न्हाय."

साहेबांनी लिहिलं, सही केली. शेजारी मीही केली. आण्णांनी तो कागद स्वतः नोटीस बोर्डावर लावला आणि ऑफिस सुटेपर्यंत, येईल त्याला मोठ्यानं वाचून दाखवला.