गाडी मीच चालवली

हे सांगायचं मी फार वर्षं टाळलं. गावात कुणी विषय काढला की चहा अर्धा टाकून उठायचो. बायको गेली, तिलाही पुरतं सांगितलं नाही. आता वय झालं. मी गेल्यावर जे बोललं जाईल ते मालकाच्या घरचं सांगणं असेल. म्हणून लिहितोय.

नांदेडच्या एका खाजगी दवाखान्याच्या पायऱ्यांसमोर मी उभा होतो. मालकाने गाडीची चावी माझ्या पायांजवळ टाकली. मालक माझ्यापेक्षा वयाने लहान. मागे त्याची मुलगी उभी होती, टॉवेलात गुंडाळलेलं तान्हं बाळ घेऊन. मालक म्हणाला, "तुझ्याच घरची घाण हाय. तूच नेऊन टाक."

मी वाकलो. चावी उचलली. गाडी चालू केली.

ते बाळ माझा नातू होता. मालकाला ते माहीत होतं. मला माहीत होतं. म्हणूनच दुसरा ड्रायव्हर बोलावला नव्हता.

मालक माझ्या शेजारी बसला, मुलगी मागे. रस्त्यात बाळ रडायला लागलं. ती म्हणाली, "काका, एसी बंद करा. त्याला गार लागायलंय." मालक मागे न बघता म्हणाला, "ड्रायव्हरशी बोलायचं न्हाई." मी एसी बंद केला. नातवासाठी मी तेव्हा केलेलं काम तेवढंच.

सोडलेली मुलं दत्तक देणाऱ्या एका संस्थेच्या फाटकाबाहेर मी गाडीत बसून राहिलो. मालकाचा भाऊ वकील, तो आधीच तिथं येऊन थांबला होता. तिघं बाळाला घेऊन आत गेले. मुलगी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात नुसता टॉवेल होता. मुखेडपर्यंत ती त्याची घडी घालत होती आणि मोडत होती.

तिचं नाव मी घेणार नाही. तिचा आता संसार आहे, आणि तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

मुखेडजवळच्या आमच्या गावात मालकाची पन्नास एकर जमीन. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, माझं घर मालकाच्याच जागेवर. आधी त्याच्या बापाचा ट्रॅक्टर चालवला, मग याची गाडी. मालकाची पोरगी लातूरला शिकायला गेली तेव्हा तिला पोचवायला मीच. माझा धाकटा, मिलिंद, लातूरलाच एका डाळमिलमध्ये मशीनवर होता. परगावी पोरगी एकटी, म्हणून मीच त्याला सांगितलं होतं, काही लागलं तर बघत जा. त्यानं बघितलं. तिनंही बघितलं. दोघं सज्ञान होते. दोघांना लग्न करायचं होतं.

मिलिंद लग्नाचं विचारायला मालकाच्या दारी आला तेव्हा ती पोटुशी होती. मालक हसला. आतल्या बायकाही हसल्या. मग मालकाचा भाऊ मला शांतपणे म्हणाला की पोरीला जे सांगायला लावू ते ती ठाण्यात सांगेल, आणि तुझा मुलगा दहा वर्षं बाहेर येणार नाही. मिलिंद काही बोलणार तेवढ्यात मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. एवढ्या मोठ्या, मिशी आलेल्या पोराच्या तोंडावर. त्याच दिवशी तिला नांदेडला हलवली. फोन काढून घेतला.

बाळाला सोडून आलो त्या संध्याकाळी मी मिलिंदला फोन करून सगळं सांगितलं. कुठं सोडलं तेही. तो इतकंच म्हणाला, "गाडी तुम्ही चालवली?"

दुसऱ्या दिवशी तो संस्थेच्या फाटकात. त्यांनी समितीकडे पाठवलं. मुलांचे असले निर्णय करणारी सरकारी समिती असते, हे आम्हाला तेव्हा कळलं. तिथल्या मॅडमने त्याचं ऐकून घेतलं आणि मलाही बोलावलं.

मी गेलो. मालकाचा भाऊही आला होता. मॅडमने मला खुर्ची दिली. मालकाच्या घरच्या माणसासमोर मी जन्मात खुर्चीवर बसलो नव्हतो. कडेला टेकलो. मॅडमने मिलिंदला समजावलं. लग्न झालेलं नसेल तर बाळ सोपवायला आईची एकटीची सही पुरते. बापाला विचारावं लागत नाही. दोन महिन्यांच्या आत आईचं मन बदललं तर ती बाळ परत मागू शकते. बापाला मागायचं तर तो बाप आहे हे आधी सिद्ध व्हायला हवं. आणि आईने लिहून दिलंय की बाप माहीत नाही.

मिलिंद म्हणाला, "मॅडम, मी लग्न करतो म्हणलो तर लग्न होऊ दिलं न्हाई. आता म्हणतेत लग्न न्हाई म्हणून तू बाप न्हाई. मग मी कोण हाय?"

मॅडम माझ्याकडे वळल्या.

"आजोबा, खरं सांगा. हे बाळ तुमच्या मिलिंदचं आहे ना?"

म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तसं त्या आजोबा म्हणाल्या. मला त्या नावानं आधी कुणी हाक मारली नव्हती. थोरल्याला मूल नाही. समोर मालकाचा भाऊ चष्मा पुसत होता. मला ठाणं दिसलं. कोठडी दिसली. पायाखालची जागा दिसली.

मी म्हणालो, "न्हाई मॅडम. मला काई म्हाईत न्हाई."

मिलिंदने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो मॅडमला म्हणाला, "माझं रक्त तपासा." मॅडमने अर्ज घेतला. चौकशी मालकाच्या घरी झाली आणि माझ्या घरी झाली. दोन्हीकडे उत्तर एकच मिळालं. नांदेडच्या वकिलाने त्याला सांगितलं, एक साक्षीदार आण, कोर्टात जाऊ. तो माझ्याकडे आला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. काही मागितलं नाही, नुसता उभा राहिला. मी खाली बघत बसलो. मुदत संपली. बाळ दुसऱ्या घरी गेलं. कुठं, ते सांगत नाहीत.

पोराला कोठडीपासून वाचवलं, असं मी मला सांगत आलो. भीती खरी होती. पण त्याला कोठडीची भीती नव्हती. तो मला म्हणालाही होता, जाईन आत, पण बाप म्हणून नाव लागू द्या. भीती माझी होती. मालकासमोर हो म्हणायची या तोंडाला इतकी सवय, की हो म्हणायच्या जागी याने नाही म्हटलं, तेही मालकासाठीच.

पुढे त्या मुलीचं लग्न ठरलं. मालक गाडीच्या शेडमध्ये आला. दोघंच होतो. म्हणाला, "नवरीची गाडी तूच चालव. तिला न्यायचा तुझा हात बसलेला हाय." आणि हसला. दवाखान्याच्या पायऱ्यांवरही तो असाच उभा होता.

मी चावी बॉनेटवर ठेवली. म्हणालो, "मालक, या गाडीत माझा नातू रडला होता. मी चालवणार न्हाई."

"कुणाचा नातू?"

"माझा. मिलिंदचा पोरगा."

त्याने मारलं नाही. त्याने दाराकडे पाहिलं, कुणी ऐकलं का. इतक्या वर्षांत त्याला घाबरलेला मी पहिल्यांदा पाहिला. माझ्या एका वाक्याला. म्हणजे हे वाक्य तेव्हाही माझ्याजवळ होतं. त्या खुर्चीवर.

घराची जागा गेली. मी भोकरला बहिणीकडे राहतो.

मागच्या उन्हाळ्यात मी एसटीने परत त्या समितीकडे गेलो. आता तिथे दुसऱ्या बाई होत्या. म्हणाल्या, दत्तक पूर्ण झालंय, आता काही बदलत नाही. मी म्हणालो, बदलू नका. तो ज्यांना आईबाप म्हणतो ते त्याचेच. पण मोठा झाल्यावर अशा मुलांना विचारता येतं ना, मी कुठून आलो? त्याने विचारलं तर बाप माहीत नाही असं सांगू नका. बाप फाटकात आला होता म्हणून सांगा. आजा खोटं बोलला म्हणून सांगा. त्या म्हणाल्या, असं तोंडी चालत नाही, शपथेवर द्यावं लागेल. ते मी दिलं. मालकाचं नाव, त्याच्या भावाचं नाव, माझं नाव. लागलं तर परत देईन. कोर्टात उभं केलं तर उभा राहीन. या विषयावर मी आता कुणासमोर नाही म्हणणार नाही.

तिथून लातूरला गेलो. मिलिंद अजून त्याच मिलमध्ये आहे. एकटाच राहतो. माझे फोन घेत नाही. मशीन चालू होतं, भिंती हादरत होत्या. तो वळला. केसांवर, पापण्यांवर तुरीची भुकटी. मी म्हणालो, "मिल्या, मी खोटं बोललो रे. मला माफ कर."

त्याने कानामागे हात धरला. ओरडून म्हणाला, "काय म्हणलात?"

मी परत तोंड उघडलं. आवाज आला नाही. हातानेच काही नाही म्हणालो.

तो थोडा वेळ थांबला. मग मशीनकडे वळला.

जरा बंद कर रे ते, एवढंच म्हणायचं होतं. ते मला म्हणता आलं नाही.