एका खुर्चीच्या दोघी

मी तलासरीला हायवेलगतच्या एका लहान कारखान्यात सुपरवायझर होतो. पालघर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. आमच्याकडे विजेची बटणं जोडायचं काम चाले. खुर्च्या वीस आणि बाया चाळीस. झरी गावच्या दोन जावा एकाच खुर्चीवर यायच्या, आज एक, उद्या दुसरी. घरी राहील तिने शेत आणि दोघींची पोरं बघायची. बाकीच्या जोड्याही अशाच. ही पद्धत त्यांनीच बसवली होती आणि मला ती फार आवडायची. खुर्ची कधी रिकामी म्हणून नसे.

पूर्वी जोडीतल्या एकीचंच नाव हजेरीवर असे. दुसरीचं बोट मशीनमध्ये सापडलं तर विमा कुणाच्या नावाने मागायचा? म्हणून मी चाळीसही नावं चढवली. मोठं शहाणपण केलं असं तेव्हा वाटलं.

मग मुंबईच्या ऑफिसातून एक तक्ता आला. मुंबई, सुरत, अहमदाबाद आणि तलासरी, कुठे माणशी किती माल निघतो त्याची तुलना. आम्ही तळाला होतो. शेवटचं युनिट बंद करण्याचा विचार आहे, असंही खाली लिहिलं होतं. धड जेवायलाही न टेकणाऱ्या या बाया आळशी ठरतात म्हणजे काय? संतापून कागद पुन्हा वाचला तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्यांनी मालाला चाळीसने भागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून मी मुंबई गाठली. तिथला साहेब माझ्याहून लहान, पण सभ्य. चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि वीसने भागलं. आम्ही तिन्ही शहरांच्या वर निघालो. आनंदाने मला रडू यायचंच बाकी होतं.

"मग चाळीस नावं कशाला?" तो म्हणाला. "वीसच ठेवा. रोज त्याच आल्या की हात आणखी बसेल."

परतताना चारोटीला बस थांबली, सगळे खायला उतरले आणि मी तसाच बसून राहिलो.

वरून हुकूम आलाय, एवढंच मी जावांना सांगितलं. थोरली म्हणाली, "धाकलीचा नाव ठेवा. पन ती रोज इथं आली त शेतात मी एकलीच. पोरा कोन बगल?"

"होईल काहीतरी," मी म्हणालो.

काही झालं नाही. लावणीत धाकटी आठवडाभर आली नाही, पोर तापाने पडलं तेव्हाही नाही. सगळ्या जोड्यांचं तेच. पुढच्या तक्त्यात आम्ही परत तळाला, आणि या खेपेला भागाकार बरोबर होता. मी तीनदा करून पाहिला. कारखान्याला कुलूप लागलं.

थोरली अजून तलासरीच्या बाजारात भेटते. परवा म्हणाली, "साहेब, आमी दोघी कशा काम करायचो ता तुमी मुंबईला सांगाया पायजे होता."

मी नुसती मान हलवली. सांगितलं होतं, नीट समजावून सांगितलं होतं, हे तिला सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.